मोहल्ल्याच्या वेशीपलीकडचे गिऱ्हाईक

धार जिल्ह्यातल्या, नर्मदाकाठच्या धरमपुरीसारख्या गावात दुकान चालते ते तोंडातोंडी. कोणाचा शिंपी मापाला पक्का, लग्नाच्या रजयांसाठी कापूस कोण नीट पिंजून देतो, कोणाकडे महिनाभर उधारी चालते, हे पाटी वाचून कोणी ठरवत नाही. मेहुणा सांगतो, शेजारीण सांगते, मशिदीबाहेर किंवा देरासरच्या ओट्यावर कोणीतरी सांगतो. व्यापारी आता यालाच ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात. हिला पैसा लागत नाही आणि हिच्यावर विश्वास बसतो. म्हणूनच अल्पसंख्य समाजातला छोटा दुकानदार किंवा कारागीर बहुधा हिच्यावरच विसंबतो. ही जाहिरात खोटी नाही आणि कमकुवतही नाही. तिची अडचण एवढीच की ती नात्यागोत्याच्या वाटेने जाते आणि जिथे नाते संपते तिथे तीही संपते.

‘अल्पसंख्य’ हा शब्द इथे दोन अर्थांनी घ्यावा लागतो. १९९२च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी या पाच समाजांना पुढच्या वर्षी ही मान्यता मिळाली. २०१४मध्ये जैन त्यात आले. दुसरा अर्थ भाषेचा. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. तिथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, पण मध्य प्रदेशात मराठी ही अल्पसंख्यांचीच भाषा आहे. दिवाळीला चकल्या-अनारशांच्या ऑर्डरी घेणारी धारची मराठी गृहिणी आणि धरमपुरीचा मुस्लिम रंगारी यांचे प्रश्न व्यापाराच्या बाजूने पाहिले तर सख्खे आहेत. दोघांचेही नाव ठरावीक घरांत आदराने घेतले जाते आणि त्या घरांबाहेर कोणाला माहीत नसते.

हे असे का होते, याचे उत्तर १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एका गाजलेल्या निबंधात दिले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले की ज्याच्याकडून नोकरीची बातमी कळली, तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्याकडून बातमी कळलेले लोक सहापैकी एकच निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी सांगितली होती. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना एकमेकांचे सगळे आधीच ठाऊक असते. नवी गोष्ट दूरच्या ओळखीतून येते. धंद्याला हे जसेच्या तसे लागू पडते. एखाद्या मोहल्ल्यातल्या चाळीस घरांनी एका शिंप्याची स्तुती केली, तरी ती ऐकणारी घरे तीच चाळीस असतील. स्तुती वाढते, गिऱ्हाईक वाढत नाही.

सगळ्या अल्पसंख्य समाजांची जाळी सारख्या लांबीची नाहीत, हेही खरे. दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांचे, विशेषतः हार्डवेअरच्या धंद्यातले, लागेबांधे माळव्यापासून मुंबईपर्यंत आणि पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचलेले आहेत. जैन पेढ्यांचेही तसेच. त्यांची तोंडी शिफारस शेकडो कोस जाते. पण लांबी वेगळी आणि रुंदी वेगळी. पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासात नाव असलेल्या दुकानाला शेजारच्या आळीत कोणी ओळखत नसेल, तर मंदीच्या वर्षी मोंबासा उपयोगी पडत नाही.

धार जिल्ह्यातच याचे फार बोलके उदाहरण आहे. धरमपुरीहून पश्चिमेला मनावर आणि पुढे कुक्षीवरून बाग लागते. लेण्यांमुळे मराठी पुस्तकांत ‘बाघ’ म्हणून आलेले गाव ते हेच. इथले ठप्पेकाम करणारे खत्री मुस्लिम आहेत. सिंधमधले लारकाना, मग मारवाड, मग मनावर आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बाग, अशी आपल्या पूर्वजांची वाट ही कुटुंबे सांगतात. बागेत बसण्याचे कारण पाणी. गावाजवळून वाहणाऱ्या बाघिनी नदीच्या पाण्यातले क्षार रंगाला उठाव देतात, असे कारागिरांचे म्हणणे आहे.

काम खटपटीचे आहे. कोरे सुती कापड आधी खारे, म्हणजे जाडे मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या यांच्या पाण्यात मुरवतात, वाळवतात, पुन्हा मुरवतात. मग हिरड्याचा हात देतात, त्याने कापडावर पिवळसर झाक येते. लाकडी ठप्प्याने जो काळा उमटतो तो लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून केलेला असतो. लाल तुरटीतून येतो. दोन्ही रंग ठप्प्याला धरून राहावेत म्हणून चिचोक्याच्या पिठाची खळ लागते. छापलेले कापड काही दिवस तसेच ठेवून वाहत्या पाण्यात धुतात. याला ‘विछालिया’ म्हणतात. शेवटी तांब्याच्या भट्टीत आलची मुळे आणि धावड्याची फुले घालून ते तासन्‌तास उकळतात आणि तेव्हा कुठे लाल खुलतो. एका थानाला आठवडे लागतात. पावसाळ्यात कापड वाळत नाही, त्यामुळे काम रेंगाळते.

या कापडाचे जुने गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे भिल्ल, भिलाला आणि इतर आदिवासी. कोणत्या समाजाच्या घागऱ्याला कोणती बुट्टी हे ठरलेले असे. कारागिराला ते पाठ होते आणि गिऱ्हाइकालाही. विक्री आठवडी हाटात होई. होळीच्या आधीचे भगोरिया हाट आले की नवे कापड घ्यायचेच. इथे जाहिरातीची गरजच नव्हती. बाईच्या अंगावरचा घागरा हीच जाहिरात होती, आणि ती वाचता येणारे सगळे त्याच हाटात हजर असत. तोंडी शिफारशीवर उभी असलेली इतकी बंदिस्त, इतकी नीट बसलेली बाजारपेठ दुसरीकडे क्वचित सापडेल.

मग गिरणीचे कृत्रिम धाग्याचे कापड आले. ते स्वस्त, चटकन वाळणारे आणि भडक रंगांचे होते. ज्या हाटात शिफारस फिरत होती त्याच हाटात नव्या कापडाची शिफारस फिरू लागली. काही वर्षांत जुने गिऱ्हाईक सरले आणि अनेक खत्री कुटुंबांनी ठप्पे बाजूला ठेवले. यात कारागिरीचा दोष नव्हता, कापड पूर्वीइतकेच चांगले होते. पण ते चांगले आहे हे ज्यांना माहीत होते त्यांना ते नको झाले, आणि ज्यांना हवे झाले असते त्यांना ते ठाऊकच नव्हते.

या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत इस्माईल सुलेमान खत्री यांचे नाव पहिले येते. त्यांनी जुने ठप्पे ठेवले पण कापडाचा उपयोग बदलला. घागऱ्याऐवजी चादरी, साड्या, ओढण्या. १९८४ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सरकारी हस्तशिल्प महामंडळाची ‘मृगनयनी’ दुकाने, १९८७पासून भरणारा सूरजकुंडचा मेळा, १९९४ साली उघडलेले दिल्ली हाट अशा ठिकाणी शहरी गिऱ्हाईक कारागिराच्या समोर येऊ लागले. पुरस्कार, मेळा, सरकारी दुकानाचे शोकेस यांना कोणी जाहिरात म्हणत नाही, पण कामाने त्या जाहिरातीच आहेत. अनोळखी माणसाला वस्तूची ओळख करून देणे आणि ती खरी असल्याची हमी देणे, ही जाहिरातीची दोन्ही कामे त्या करतात. २००८च्या सुमारास ‘बाग प्रिंट’ला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या ओळखीला कायद्याचाही आधार आला.

हमीचा मुद्दा थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण तोंडी शिफारशीची खरी उणीव तिथे उघडी पडते. बागेच्या बुट्ट्यांची नक्कल स्क्रीन छपाईवर काही मिनिटांत होते. शहरातल्या दुकानात अस्सल आणि नकली ओढणी शेजारी टांगली तर नवख्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. त्याला किंमत तेवढी कळते. मग स्वस्त माल विकला जातो आणि अस्सल माल करणाऱ्याला एकतर भाव पाडावा लागतो किंवा काम सोडावे लागते. १९७० साली अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवले. विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. या कामासाठी त्यांना २००१चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. तोंडी शिफारस सांगते की ‘अमक्याकडे घ्या, चांगले मिळते’. हिरडा, विछालिया, भट्टी हे ती सांगत नाही. हाताच्या ठप्प्याचे सांधे किंचित पुढेमागे होतात आणि तीच अस्सलपणाची खूण आहे, हेही ती सांगत नाही. उलट न सांगितल्यास गिऱ्हाईक त्याच खुणेला खोट समजून कापड परत करते. ही माहिती छापून, लिहून, दाखवूनच द्यावी लागते. कापडाला बांधलेली चार ओळींची चिठ्ठीसुद्धा इथे मोठे काम करते.

धरमपुरीच्या दुसऱ्या अंगाला, नदीकाठीच, महेश्वर आहे. तिथल्या विणकरांत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. अहिल्याबाई होळकरांनी वसवलेला हा धंदा १९७०च्या दशकापर्यंत अगदी उताराला लागला होता. होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी त्या दशकाच्या अखेरीस ‘रेहवा’ संस्था काढली आणि विणकरांचा माल मोठ्या शहरांतल्या गिऱ्हाइकांपर्यंत नेला. माहेश्वरी साडीच्या दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या काठाचे कौतुक इंदूर-देवासच्या मराठी घरांत आधीपासूनच होते, ‘बुगडी’ काठ तर नावानेच मराठी. पण त्या घरांच्या कौतुकावर माग चालले नाहीत. मागांना दिल्ली-मुंबईचे गिऱ्हाईक लागले, आणि त्यांना महेश्वर कुठे आहे इथपासून सांगावे लागले.

तोंडी शिफारस अपुरी पडते एवढेच नाही, कधी ती उलटही फिरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले तेव्हा ‘लोखंडाने जमिनीत विष भिनते’ अशी बोलवा शेतकऱ्यांत होती आणि पहिले थोडे नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. बोलवा हीसुद्धा तोंडी प्रसिद्धीच. तिला तोंडी उत्तर देत बसणे म्हणजे गावोगाव एकेकाची समजूत काढणे. पुढे १९२० साली कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, मालाची माहिती आणि वाचनीय मजकूर एकत्र देणारे. अल्पसंख्य दुकानदाराला बोलवेचा त्रास दुप्पट असतो. त्याच्या मालाबद्दल एक शंका असते आणि त्याच्या समाजाबद्दल दुसरी, आणि दुसरी शंका ज्या घरांत असते तिथे त्याची शिफारस करणारे कोणी जात-येत नसते.

घेणाऱ्याच्या शंकेला जाहिरातीने उत्तर कसे देता येते, ते एका पारशी उद्योजकाने दाखवले. पारशी समाज संख्येने चिमुकला. आपल्याच लोकांना माल विकून त्याचा कारखाना चाललाच नसता. अर्देशीर गोदरेज यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला आणि जाहिरातीत नेमके तेच सांगितले. चरबीची अडचण हिंदूंना होती आणि मुस्लिमांनाही. त्यांच्या साबणाच्या जाहिरातीत रवींद्रनाथ टागोरांची शिफारस झळकली. इथे शिकण्यासारखी गोष्ट टागोरांचे नाव नाही, तेवढी ऐपत कोणाची असणार? शिकायचे ते हे की ही जाहिरात विकणाऱ्याच्या समाजाबद्दल काही बोलत नाही, घेणाऱ्याच्या मनातल्या शंकेबद्दल बोलते. ती शंका आधी ओळखली होती, हे महत्त्वाचे.

तरीही अनेक दुकानदार पाटी लहान ठेवतात, आणि ते अडाणी म्हणून नव्हे. पाटीवरचे नाव धर्म सांगते. वातावरण तापले की तीच पाटी नजरेत येते. २०२४च्या जुलैत कावड यात्रेच्या मार्गावरच्या खानावळींनी मालक-नोकरांची नावे लावावीत अशा आदेशांना सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. नावाची पाटी हा नुसता व्यापाराचा मामला नाही, हे त्यातून दिसते. अशा वेळी ‘जाहिरात करा’ हा सल्ला परक्याने देणे सोपे असते. पण बागेच्या कारागिरांचा अनुभव या अडचणीतही उपयोगी आहे. त्यांचे कापड खपते ते कुटुंबाच्या नावाने नव्हे, गावाच्या नावाने. माहेश्वरीचे तेच. वस्तूचे, गावाचे किंवा कसबाचे नाव पुढे केले की मालकाला लपावेही लागत नाही आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या नावाची परीक्षाही द्यावी लागत नाही. तो नाव खाली, बारीक अक्षरांत का होईना, पण अभिमानाने लिहू शकतो.

धरमपुरीत बाहेरचे गिऱ्हाईक येते कुठून, हा पुढचा प्रश्न. धामनोद आणि खलघाटवरून जुना आग्रा-मुंबई रस्ता जातो. खलघाटच्या पुलावरून नर्मदा ओलांडणाऱ्या प्रवाशाला इथे मेहुणाही नसतो आणि शेजारीणही. त्याच्यासाठी दुकान म्हणजे रस्त्यावरची पाटी किंवा फोनमधल्या नकाशावरची खूण. दुसरे येणारे म्हणजे नर्मदा परिक्रमावासी. उत्तर तटाने जाणारे धरमपुरीवरून जातात आणि त्यांत मराठी माणसे भरपूर. पुढचा मुक्काम कुठे, सदावर्त कोण देतो, हे परिक्रमेत तोंडीच कळते. पण ही माणसे मुळात घराबाहेर पडली त्याचे एक कारण छापील आहे. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ यांनी पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या घरात नर्मदा आणून ठेवली. लिहिलेला शब्द किती लांबचा माणूस चालत आणतो, याला याहून चांगला दाखला शोधायला नको.

या दोन्ही गिऱ्हाइकांसाठी लागणारी जाहिरात महागडी नाही. नकाशावर दुकानाची जागा, उघडण्याच्या वेळा आणि चार चांगले फोटो फुकट टाकता येतात. भारतात २०१८मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी दरांसह लावता येते. पाटीची भाषा मात्र विचार करून ठरवावी. मालकाला जी लिपी प्रिय ती आणि गिऱ्हाइकाला जी वाचता येते ती, या दोन्ही एकच असतील असे नाही. उर्दूत सुंदर लिहिलेली पाटी हमरस्त्यावरच्या मराठी किंवा हिंदी प्रवाशाला चित्रासारखी दिसते. ती काढू नये, तिच्याखाली देवनागरी ओळ घालावी. धारमधल्या मराठी गृहिणीच्या चकलीलाही हाच नियम. महाराष्ट्र समाजाच्या स्मरणिकेत दिलेली जाहिरात ज्यांना चकली ठाऊक आहे त्यांनाच ती पुन्हा सांगते. हिंदी शेजाऱ्याला ती कशाबरोबर खायची, किती दिवस टिकते हे कोणी सांगितलेलेच नसते.

खर्चाचा हिशेब तोंडी शिफारशीच्या बाजूने झुकलेला वाटतो, कारण तिचे पैसे दिसत नाहीत. पण ओळखीतून आलेले गिऱ्हाईक ओळखीचा भाव मागते आणि ओळखीची उधारी मागते. समजा ९०० रुपयांच्या ओढणीला ६०० रुपये खर्च येतो. ओळखीत ती ७५० ला, तीही दोन महिन्यांच्या उधारीवर गेली, तर ३०० चा नफा १५० वर आला आणि भांडवल अडकले. फोनवरून आलेले अनोळखी गिऱ्हाईक पूर्ण भाव आणि आगाऊ पैसे देते. त्याला शोधायला शंभर रुपये लागले तरी दुकानदाराच्या हातात ५० रुपये जास्त राहतात, आणि तेही रोख.

जाहिरातीला मर्यादा आहेत, आणि कारागिरांच्या बाबतीत त्या कडक आहेत. पहिली मर्यादा कुवतीची. बागेतल्या छोट्या कारखान्याकडे श्रावणात पाचशे ओढण्यांची मागणी आली तर ती वेळेवर पुरी होणार नाही, आणि मग तीच जाहिरात बदनामी होते. म्हणून किती दिवसांत माल मिळेल, हे जाहिरातीतच लिहिलेले बरे. दुसरी मर्यादा सत्याची. ‘शंभर टक्के नैसर्गिक रंग’ असे सर्रास लिहिले जाते. बागेच्या भट्टीत जो लाल पूर्वी आलच्या मुळांपासून काढत, तो आज पुष्कळदा बाजारातल्या अलिझरीनमधून येतो. हे अलिझरीन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ सालीच प्रयोगशाळेत बनवले होते. त्यात कमीपणा काही नाही, ठप्पा, खार आणि विछालिया हाताचीच राहतात. पण जे नाही ते लिहू नये. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हकीम आणि वैद्यांवर तर १९५४पासूनच बंधन आहे. ठरावीक आजारांवर हमखास उपाय असल्याची जाहिरात देणे हा गुन्हा आहे, मग औषध कितीही गुणकारी असो.

भौगोलिक मानांकनाबाबतही एक गैरसमज आहे. मानांकन ‘बाग प्रिंट’ला मिळाले म्हणजे बागेतल्या प्रत्येक कारागिराला ते आपोआप मिळाले असे नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. त्यानंतरच मालावर ते चिन्ह लावता येते आणि नक्कल करणाऱ्याविरुद्ध स्वतः दाद मागता येते. अनोळखी गिऱ्हाइकासमोर छोट्या कारागिराला याहून स्वस्त साक्षीदार मिळणार नाही. या नोंदणीच्या अर्जाची फी २०२०च्या नियमदुरुस्तीने ५०० रुपयांवरून १० रुपये झाली आहे.